सव्वा मूठ गहू

"दर्या कसा शे रे आज?"

पावसाळ्यात माझ्या आईचा दिवस या प्रश्नाने सुरू होतो. त्या शनिवारीही ती तशीच बसली होती. फोन खांद्यावर दाबलेला, मान वाकडी, दोन्ही हात गव्हाच्या परातीत. पलीकडे माझा चुलतभाऊ चेतन होता. तो हजिऱ्याला बंदरावर नोकरी करतो आणि त्याच्या साहेबाला देत नसेल इतकी खबर त्याला आमच्या आईला द्यावी लागते.

"मोठी माय, उद्या साडेदहाले भरती," चेतन म्हणाला. "पावणेपाचले दर्या पुरा खाली. पण पाऊस मोठा शे. रेड अलर्ट दिन्हा शे."

"पाऊसनं माले नको सांगू. तो माले बी दखास. तू फक्त दर्यानं सांग."

फोन ठेवून ती आमच्याकडे वळली. आम्ही म्हणजे वडील, भाऊ ललित, त्याची बायको हर्षदा आणि पावसाचा रंग बघून आदल्या दिवशीच माहेरी येऊन धडकलेली मी.

"उद्या आठम शे," आई कॅलेंडरवरची अष्टमी दाखवत म्हणाली. "आठमले दर्या मऊ ऱ्हास. पाणी उनं तरी चार वाजता उतरी जाई. कानबाई आठेच बसी."

"कोन बसी?" वडिलांनी विचारलं. बत्तीस वर्षं सुरतेच्या लूमवर काढल्यामुळे उखा बोरसे यांना अर्धंच ऐकू येतं, आणि त्या अर्ध्यातलंही सोयीचं तेवढंच.

"कानबाई!" आम्ही चौघे एकदम ओरडलो. वडील समाधानाने हसले.

माझी आई धुरपदाबाई जन्मली शिंदखेड्याकडच्या एका कोरड्या गावात. तिथे पाणी टँकरने यायचं आणि कधी यायचं ते टँकरवाल्यालाच ठाऊक असायचं. लग्न होऊन ती सुरतेला आली आणि पर्वत पाटियाच्या मागे, खाडीला लागून असलेल्या आमच्या सोसायटीत तिने संसार मांडला. समुद्र तिने आयुष्यात एकदाच पाहिला. आम्ही तिला डुमसला नेलं होतं. बराच वेळ कमरेवर हात ठेवून ती बघत राहिली आणि म्हणाली, "इतलं पाणी, आन पेवाले एक घोट नही." मग पाठ फिरवून भजी खायला बसली. पण तोच समुद्र भरला की आमची खाडी तुंबते आणि तो ओसरला की खाडी मोकळी होते, हे गणित तिला एकदा कळलं ते कायमचं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या असतात.

सुरतेत हवामान म्हणजे नुसतं बोलायचा विषय नव्हे, तो घरातला एक माणूस आहे, आणि तोही तिरसट. मे महिन्यात चव्वेचाळीस अंशांत आई खिडक्यांना ओल्या साड्या लावते. पापड वाळत घातले की हमखास मावठं येतं, म्हणजे अवकाळी पाऊस, म्हणून तिचे पापड गच्चीवर न वाळता पलंगाखाली पंख्यावर वाळतात. कधी वादळाचा इशारा येतो, वादळ दुसरीकडेच निघून जातं, आणि आई बांधलेलं सामान सोडताना हिरमुसते. आणि पावसाळ्यात रेल. पुराला इथे रेलच म्हणतात. आमच्या घरात फ्रिज टेबलावर असतो, पलंगाच्या पायांखाली विटा असतात आणि जूनपासून सगळे कागद मोठ्या कुकरमध्ये असतात. "कुकरमा पाणी जास नही," हा आईचा शोध. रेशनकार्ड, आधार, ललितची प्रमाणपत्रं, माझा लग्नाचा दाखला, सगळं रबरासकट घट्ट झाकलेलं. भिंतीवर वडिलांनी पेन्सिलीने दरवर्षीच्या पाण्याच्या रेघा मारून ठेवल्यात. २००६ची रेघ मात्र तिथे नाही. ती मारायला त्यांना स्टूल लागलं असतं.

इतकं असूनही कानबाई याच घरात बसते, हेच आमच्या भाऊबंदांच्या डोळ्यांत खुपत होतं.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची कानबाई. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, लुगडं नेसवायचं आणि चौरंगावर बसवून रात्र जागवायची. सोमवारी वाजतगाजत तापीवर न्यायची. यातला मुख्य मान रोटांचा. कुळात जितके पुरुष, मग तो पाळण्यातला का असेना, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे. ते घरच्या जात्यावर दळायचे आणि एकेकाच्या नावाने एकेक रोट भाजायचा. ज्याचा रोट त्याने कानबाईसमोर बसून, दिवा लागायच्या आत खायचा. बायका आपल्या नवऱ्याच्या रोटातला तुकडा खातात. लग्न न झालेल्या मुली बापाच्या रोटातला खातात. लग्न झालेल्या लेकीला मात्र रोट चालत नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. लेकीने पुरणपोळी खावी, खीर प्यावी आणि भांडी घासावीत.

माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, पोरांना समानतेचे धडे देते आणि कानबाईच्या दिवशी निमूट पुरणपोळी खाते. खोटं कशाला बोलू, वाईट वाटतं. रोट भाजताना जो खरपूस वास सुटतो ना, तो नाकात शिरला की बेचाळिसाव्या वर्षीही बापाच्या मांडीला मांडी लावून बसावंसं वाटतं.

आमच्या कुळात सध्या एकवीस पुरुष. सगळे सुरतेतच विखुरलेले. कारभारी म्हणजे गजेंद्रकाका, वडिलांचे धाकटे भाऊ आणि चेतनचे वडील. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात त्यांनी जन्म काढला. त्यांच्या घरात भाजीसुद्धा काट्यावर चढते. अरुणाकाकू तर कणीक ग्रॅममध्ये मळते. माणसं मायाळू आहेत, पण मापात.

मागच्या वर्षी ऐन कानबाईला घोट्यापर्यंत पाणी आलं. काकांची नवी चप्पल वाहून गेली, आणि त्यांनी तिथेच सगळ्यांदेखत जाहीर केलं.

"वहिनी, आते बस झायं. पुढला सालपाइन कानबाई कतारगामले. तिसरा मजला, लिफ्ट शे, पाणीनं काही टेन्शन नही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वडिलांनीही डोलावली, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. आई म्हणाली, "एक साल द्या. पाणीमुळे एक जरी माणूसना रोट ऱ्हायना, तर खुशाल लई जा. मी हूं का चूं करावू नही."

शब्द दिला गेला. काकांनी तो डायरीत लिहूनही ठेवला, तारखेसकट.

मला हा आईचा हट्ट कळत नव्हता. गुडघे दुखतात, साखर वाढलीय, चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक झेपत नाही. शनिवारी संध्याकाळी मी तिला म्हणालेसुद्धा, "माय, जाऊ दे ना कतारगामले. तू पाव्हणीसारखी जाय, जेवी ये."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतल्या पोरासारखी गप्प झाले.

"तुले काय समजस?" ती म्हणाली. मग गव्हाची परात घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. गहू ती नेहमी एकटीच मोजते. मध्ये कुणी बोललं तर मोज चुकते म्हणते. तेवढा वेळ घरात कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही, आणि पावसाळ्यात कुकर तसाही आधारकार्डांनी भरलेला असतो.

रविवारी पहाटेपासून पावसाने धरलं ते सोडेचना. आठ वाजता गल्लीत पाणी चढलं. नऊ वाजता ते उंबऱ्याशी येऊन टेकलं.

"कानबाई वर ल्या," आई म्हणाली, जणू चहा वर न्यायला सांगतेय.

आमच्या घराच्या बाहेरून एक लोखंडी जिना आहे, बारा पायऱ्यांचा. वरच्या खोलीत लक्ष्मण राहतो. तो ओडिशातल्या गंजामचा, लूमवर कामाला आहे. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्यासमोर डोक्यावर चौरंग घेतलेला ललित, नारळ छातीशी धरलेली आई, जात्याची वरची तळी खांद्यावर घेतलेले वडील आणि मागे परात, पोळपाट नि पिठाचा डबा घेऊन हर्षदा आणि मी, अशी वरातच उभी होती.

"लक्ष्मणभाऊ, एक दिन के वास्ते तुमारा घर होना," आई तिच्या हिंदीत म्हणाली.

लक्ष्मणने नारळाकडे पाहिलं, हात जोडले आणि आपली गादी गुंडाळायला लागला. "आओ मौसी. हमारे गंजाम में तो तूफान में पूरा गाँव स्कूल में रहता है. देवी लोग भी." त्याने फरशी दोनदा पुसली, स्वतः आंघोळ करून आला आणि वर, "मैं बाहर बैठता हूँ," म्हणून जिन्यावर पत्र्याखाली जाऊन बसला. आईने त्याला हाताला धरून आत आणलं. "घर तुमारा, और तुम बाहर? कानबाई को गुस्सा आएगा."

मग गडबड उडाली. पुरणाची डाळ शिजवायची तर कुकर हवा. हर्षदाने खाली जाऊन, मांडीभर पाण्यातून कुकर आणला, डाळ धुतली, झाकण उघडलं आणि आतून आम्ही सगळे फोटोतून तिच्याकडे बघू लागलो. "आई, आते हाई कुटुंब कोठे ठेवू?" तिने विचारलं. शेवटी सगळी कागदपत्रं लक्ष्मणच्या तांदळाच्या पिंपात गेली. आता आधारला त्याच्या तांदळाचाच आधार, असं म्हणून ललितने सगळ्यांना हसवलं.

साडेदहाला भरती झाली. पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलं. गल्लीत एक प्लास्टिकची खुर्ची तरंगत आली, आमच्या दाराशी जरा थांबली आणि पुढे गेली. काकांचा फोन आला.

"वहिनी, टीव्हीवर पर्वत पाटिया दखाडी राह्यनात. कंबरभर पाणी शे. मी काय म्हनस, मानी ल्या आते."

"पाच वाजता पाटियाना पुलखाले बठ्ठा गोया व्हा," आई म्हणाली. "मी फोन करसू तव्हय निघा."

"अन पाणी नही उतरनं तर?"

"तर तुम्हनी डायरी शेच."

एकवीस रोट, आणि हजर पुरुष दोन. वडील आणि ललित. बाकी एकोणीस जण शहरभर अडकलेले, त्यात चेतन तर थेट हजिऱ्याला, ड्युटीवर. पण आईने एकही रोट कमी केला नाही. लक्ष्मणच्या एका शेगडीवर ती एकेक रोट भाजत होती आणि मी ते पुसून डब्यात रचत होते. सवयीने मोजतही होते. शिक्षिकेला वही दिसली की तपासावीशी वाटतेच.

"माय, बावीस झायात. एक जास्ती व्हयना."

"बराबर शेत."

"एकवीस माणसं शेत ना? मी मोज्यात."

"तू तुन्या शाळाना मोज," ती म्हणाली आणि उलथनं परातीवर आपटलं. आई चुकली की आधी चिडते, हे मला ठाऊक होतं. मी डबा बंद केला.

पाऊस अडीचला थांबला. तीन वाजता पायऱ्या मोजल्या, पाणी चौथीवरच. चार वाजले. आई जिन्याच्या तोंडाशी पदर खोचून उभी होती. तिचे चार वाजले होते, पण पाण्याचे वाजले नव्हते. साडेचारलाही पाणी चौथ्याच पायरीवर. लक्ष्मण म्हणाला, वरून पडलेलं पाणी अजून खाडीत येतंय, वेळ लागेल. ललितने मोबाइल उलटा करून ठेवला. घरातलं बोलणं हळूहळू आटलं. वडिलांनासुद्धा शांतता ऐकू आली असावी, ते मान वर करून एकेकाकडे बघायला लागले.

तेव्हा मी माझ्या आईला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. २००६ला आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो, तेव्हाही ती भांडी किती वाहून गेली तेच मोजत होती. आता मात्र तिचे ओठ पांढरे पडले होते. ती आत आली, चौरंगासमोर मांडी घालून बसली आणि नथ घातलेल्या त्या नारळाशी भांडायला लागली.

"तुले जानं शे का कतारगामले? सांग एकदाव. लिफ्टमा बठानी हौस शे का तुले? आठे काय कमी करं मी? पाणीमाइन डोकावर लई उनू तुले. परक्याना घरमा बठाडं, तरी त्यानी आंग धोयं तुन्यासाठे. आते दोन पायऱ्या उतराले तुले काय व्हस व माय?"

हर्षदाने तोंडाला पदर लावला. हसू की रडू, ते मला कळलं नाही. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. एका घरासाठी इतकं? मानासाठी इतकं? मला अजूनही कळत नव्हतं.

फोन वाजला. चेतन.

"मोठी माय, दर्या पुरा खाली गया. आठे जेटीना खांब दखाई राह्यनात, पार बुडपावत. आते खाडीले जागा शे. थांब जरासी."

आणि पाच वाजून दहा मिनिटांनी लक्ष्मण बाहेरून ओरडला, "मौसी! चौथा दिख रहा है!"

आम्ही सगळे जिन्यावर. चौथी पायरी ओली, काळी, पण उघडी. बघता बघता तिसरी. गल्लीतून पाणी सळसळत खाडीकडे निघालं होतं. समोरच्या गच्चीवरच्या गुजराती बेननी टाळ्या वाजवल्या. वडिलांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते भिंतीवर रेघ मारायला निघाले, तेव्हा ललितने त्यांना मागे ओढलं. आईने फोन लावला. आवाज एकदम कारभारणीचा.

"गजेंद्रभाऊ, निघा."

पर्वत पाटियाच्या पुलाखालून आमचं कुळ निघालं ते मी जन्मात विसरणार नाही. पुढे गजेंद्रकाका, पँट मांडीपर्यंत वर, नवी चप्पल या वेळी हातात धरलेली. त्यांच्यामागे लिंबायतचे, डिंडोलीचे, उधन्याचे बोरसे. खांद्यावर पोरं, डोक्यावर पिशव्या. बायका एकमेकींचे हात धरून खिदळत होत्या. एका म्हाताऱ्या चुलतआजोबांना दोघांनी खुर्चीत बसवून उचललं होतं, आणि ती खुर्ची सकाळी आमच्या दारावरून गेलेलीच होती, वाटेत सापडली म्हणे. कुणीतरी कानबाईचं गाणं सुरू केलं आणि गुडघाभर पाण्यात पाय आपटत सगळी गल्ली नाचायला लागली. पाणी अंगावर उडत होतं आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं.

लक्ष्मणच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका वेळी सहा माणसं बसली. खाऊन उठली की पुढची सहा. प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा रोट आई स्वतः देत होती, नाव घेऊन. काका जिन्याच्या तोंडाशी डायरी उघडून एकेक नावावर खूण करत होते. सहा वाजून गेले. अठरा. एकोणीस. स्वतःचा रोट खाऊन काकांनी वीस केले. मग डायरी मिटून ते आईकडे बघायला लागले. चेतन यायचा होता.

"त्यानी ड्युटी सातले सुटस," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता हे मला सांगायलाच हवं. बिचारे खाली बघत होते. "दिवा लागानी येळ साडेसातले शे. हजिराथाइन आठे, आसा रस्तामा... वहिनी, मना पोऱ्याना रोट ऱ्हायना. शब्द तो शब्द."

आई दिव्यात तूप घालत राहिली. सात वाजले. सात दहा. बाहेर अंधारून यायला लागलं. अरुणाकाकूने काडेपेटीतली काडी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. सव्वासात झाले.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला. महापालिकेचा, पंप ओढून नेणारा. त्याच्या चाकावरच्या पत्र्यावर केशरी रेनकोट, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेला एक माणूस उभा होता आणि दोन्ही हात हलवत होता.

"थांबा! दिवा नका लावू!" चेतन ओरडत होता. "साहेबले सांगं, घरमा कानबाई शे, मनी मोठी माय दर्याले बी ऐकत नही. पाचलेच सोडं त्यानी!"

तो जिना चढला तो दोन-दोन पायऱ्या. बूट काढायलाही आईने त्याला थांबू दिलं नाही, ते तिने स्वतःच ओढून काढले आणि पाय धुतले. चेतन कानबाईसमोर बसला आणि हेल्मेटसकट रोट खायला लागला. सगळी खोली आणि सगळा जिना त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटचा घास गिळून त्याने दोन्ही हात वर केले, आणि असा काही जल्लोष झाला की वडिलांनी कानांवर हात ठेवले. काकांनी डायरीत एकविसावी खूण केली, मग ते पान फाडलं, चुरगाळलं आणि खाली पाण्यात टाकून दिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "कानबाई आठेच ऱ्हाई. मनी चप्पल गयी तरी चाली."

दिवा लागला. आरती झाली. लक्ष्मणला आईने ताट वाढून मानाने मधोमध बसवलं. रोट नव्हता त्याच्या ताटात, पण पुरणपोळ्या इतक्या होत्या की त्याने शेवटी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मीही पुरणपोळीचं ताट घेऊन कोपऱ्यात टेकले. आई येऊन माझ्यासमोर बसली. तिच्या ताटात एक अख्खा रोट होता.

"बठा बठा," ललित हसला. "माय आते दुसरा खाई. बापना वाटाना झाया, आते तिनी स्पेशल डिश. साखर वाढी तरी चाली."

ही आमच्या घरची जुनी थट्टा. कानबाईला आई दोन माणसांचं खाते. दरवर्षी वडिलांच्या रोटातला तुकडा खाऊन झाला की शेवटी एक रोट घेऊन बसतेच. आम्ही तिला खादाड म्हणतो, ती हसते. मीही कितीदा हसले असेन.

पण आज मी रोट मोजले होते. एकवीस माणसांनी एकवीस खाल्ले होते. आणि ती, आता आठवायला लागलं तसं, दरवर्षी अशीच माझ्यासमोर येऊन बसायची. दुसऱ्या कुणासमोर नाही.

"माय," मी हळूच विचारलं, "हाऊ रोट कोना?"

तिने आधी ललितकडे पाहिलं, तो चेतनचं हेल्मेट घालून बघत होता. मग खाली ताटात.

"तुनं लगीन झायं त्या साले मी मुठी मोज्यात," ती म्हणाली. "एकवीस... तव्हय सतरा व्हतात. सतरा झायात. हात काय थांबनाच नही." तिने रोट मोडला. वाफ केव्हाच गेली होती, पण तो वास आला. "तुले चालस नही. माले चालस. मंग तुना मी खाई लेस."

मी हातातला पुरणपोळीचा घास ताटात ठेवला.

"तठे कतारगामले काकूना काटा बराबर शे," ती इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं. "मना हात बराबर नही."

खाली बायकांनी फुगडी धरली होती. ओल्या गल्लीत पाय थपथप वाजत होते आणि वडील, काहीही ऐकू येत नसताना, बरोबर ठेका धरून टाळ्या वाजवत होते. आईने पहिला घास घेतला. माझ्याकडे बघत, सावकाश, नीट चावून. मी माझं ताट बाजूला ठेवलं आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसले. तिने शेवटचा तुकडाही संपवला, बोटांवरचं तूप पुसलं आणि पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग आपलं.

"पोट भरनं का तुनं?" तिने विचारलं.

"भरनं, माय," मी म्हणाले.